सोनशिवार संघर्ष समिती

ज्यावर ठाकुर्लीच्या काळुराम केण्यांचं मत नाही, असा विषय अजून निघायचा आहे. स्टेशनजवळचा पूल नेमका कुठे उतरायला हवा होता, हळदीचा डीजे कधी बंद करावा, डोंबिवलीतल्या कुठल्या डॉक्टरचा हात हलका, नगरसेवकाने कोणत्या पक्षात जावं आणि गेलाच तर परत कधी यावं, सगळ्यावर त्यांचं मत तयार. आणि ते मत विचारायला त्यांच्याकडे जावं लागत नसे. ते घरपोच मिळे.

याला कारण होतं. केण्यांची भाताची खाचरं होती, बापजाद्यांच्या वेळी खाडीकडे मिठागरही होतं. मिठागर आधीच गेलं. खाचरं बिल्डरला दिली, त्यांवर चार इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर काळुराम राहायला गेले. भाडी येत होती, मुलगा दिपेश गाड्यांच्या धंद्यात होता, पोटाला काही कमी नव्हतं. पण ज्या माणसाने निम्मं आयुष्य चिखलाशी, बैलाशी आणि भाऊबंदांशी भांडण्यात घालवलं, त्याला एकदम एसीखाली सोफ्यावर बसवलं की त्याचं सगळं बळ जिभेत येतं. तसं झालं होतं.

नात जागृती इंजिनिअरिंगला. तिच्या प्रोजेक्टवरही आजोबांनी मत द्यायला सुरुवात केली, तेव्हा तिने एके दिवशी त्यांचा फोन मागून घेतला आणि त्यात 'सोनशिवार' नावाचा गेम टाकून दिला. ठाण्यातल्या एका लहानशा कंपनीने काढलेला शेतीचा गेम होता. शेत नांगरायचं, पेरायचं, पीक बाजारात विकायचं, शेजारच्या शेतकऱ्याशी देवाणघेवाण करायची. शेजारी म्हणजे कुठेतरी आपापल्या फोनवर बसलेली खरी माणसं.

काळुरामांनी फोन हातभर लांब धरला. "ही जमिन कोनाची?"

"तुमची, आजोबा."

"कितीला घेतली?"

"फुकट आहे. फ्री गेम आहे."

काळुराम बराच वेळ फोनकडे संशयाने बघत राहिले. फुकट जमीन देणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. "सातबारा कोनाच्या नावावर हाय, ता बग आधी," ते म्हणाले. जागृती हसून निघून गेली. तिला वाटलं, आजोबा विनोद करतात.

पहिल्याच दिवशी त्यांनी भात पेरला आणि चहा पिऊन होईतो तो पिकून सोनेरी झाला. काळुराम खवळले. "चार मिनटात भात? यो भात हाय का पापड?" रोपांची आवणी नाही, राब भाजणं नाही, बांधबंदिस्ती नाही, पाऊस कुठल्या नक्षत्राचा त्याचा पत्ता नाही! त्यांनी जागृतीकडून अभिप्राय लिहायची जागा कुठे असते ते शिकून घेतलं. टाइप करायचा कंटाळा, म्हणून फोनला बोलून सांगायचं. फोनला आगरी कळत नव्हती. "आवणीच्या आदी राब भाजावा लागतंय," असं हे बोलले की तिकडे उमटायचं, "अवनीच्या आधी राग भाजावा लागतो." काळुराम न वाचता पाठवून द्यायचे आणि पुढच्या मताला लागायचे.

मतं थोडीथोडकी नव्हती. रोज गेम उघडला की सोन्याचं नाणं मिळे, त्यावर, "मी मालक हाय, कामगार नाय, माजी हजेरी कसली घेता?" (हजेरी मात्र एक दिवस चुकली नाही.) गेममध्ये 'नशिबाचं पोतं' विकत मिळायचं. आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळायचं नाही. कधी ट्रॅक्टर, बहुतेक वेळा गवत. त्यावर, "आमच्या जत्रेत असा एक पोतेवाला यायचा. त्याला पोलीस नेयाचे. तुमाला कोन नेतंय ता सांगा." दर महिन्याला अपडेट यायचं आणि फोन जड व्हायचा, त्यावर, "एकदा लगीन झाल्यावर दर महिन्याला हळद लावतात काय?" पोळ्याच्या सुमारास नवं चित्र आलं, सजवलेल्या बैलाचं. घरात सगळ्यांनी कौतुक केलं. काळुरामांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "यो बैल बसेल कसा? याला पाच पाय हायेत."

जागृतीने मोजले. खरंच पाच होते. "एआयने काढलंय, आजोबा. आता सगळे तसंच करतात. माणसाने काढलेलं चित्र महाग पडतं."

"माणसान बैल बगलेला असतो," काळुराम म्हणाले आणि तेही पाठवून दिलं.

आता अशा माणसाला कंपनी उत्तर देणार नाही, असं कोणालाही वाटेल. पण कंपनी लहान होती आणि इतकं सविस्तर लिहिणारा दुसरा कोणी नव्हता. त्यांनी नशिबाचं पोतं काढून टाकलं. मग काळुरामांच्या आग्रहावरून गेममध्ये 'खरा हंगाम' नावाचा प्रकार आला. त्यात सगळ्यांचाच भात खऱ्यासारखा चार महिन्यांनी पिकायचा. वर काळुरामांच्या नावापुढे एक तुऱ्याचं चित्र लागलं आणि त्याखाली 'मानकरी शेतकरी'. पुढे जिथे जिथे हळद, साखरपुडा, बारसं, तिथे तिथे ते चित्र लोकांनी बघितलं. ज्यांनी टाळलं त्यांना जेवणाच्या पंगतीत गाठून दाखवण्यात आलं.

बायको शालू या सगळ्याकडे शांतपणे बघत असे. "खऱ्या खाचरान उतरायचा कटाला यायचा," ती शेजारणीला म्हणायची, "आता बोटान नांगरतान!"

एकच काटा होता. काळुरामांच्या शेताला लागून 'शांतिदूत' नाव घेतलेल्या कोणा माणसाचं शेत होतं. या शांतिदूताने शेळ्या पाळल्या होत्या आणि त्या शेळ्या बांध ओलांडून केण्यांच्या भातात शिरायच्या. काळुरामांनी निरोप पाठवला, 'शेल्या आवर.' उत्तर आलं, 'कृपया आपले कुंपण दुरुस्त करावे.' काळुरामांनी कुंपण घातलं. शांतिदूताने कुंपणाला लागून उकिरडा केला. दोन वर्षं हे चाललं होतं. सख्ख्या चुलतभावाशीही काळुरामांनी इतकं मन लावून भांडण केलं नव्हतं.

आणि मग एका सकाळी गेम उघडल्याबरोबर हजेरीच्या नाण्याऐवजी पाटी आली. 'आपल्या प्रेमाबद्दल आभार. या महिनाअखेरीस सोनशिवार कायमचे बंद होत आहे.'

काळुरामांच्या चहावर साय धरली. जागृती समजुतीच्या सुरात म्हणाली, "आजोबा, असंच असतं हल्ली. ऑनलाइन गेम आहे, कंपनीने सर्व्हर बंद केला की संपलं. मोठ्या मोठ्या कंपन्यांचे गेम असे जातात. दुसरा टाकून देते ना."

"जमिन जानार?"

"सगळंच जाणार."

"नोटीस दिली?"

"ही काय, हीच नोटीस."

तिने एवढं म्हटलं आणि काळुराम तरतरीत झाले. गेम बंद होणं म्हणजे काय ते त्यांना कळत नव्हतं. पण जमिनीवर आलेली नोटीस त्यांना कळत होती. रस्त्याला जमीन गेली तेव्हा ते तरुण होते, रेल्वेच्या कामाला गेली तेव्हा अनुभवी होते. नोटीस आली की आधी हरकत, मग सुनावणी, मग मोर्चा. घाबरून जाणाऱ्याला काही मिळत नाही आणि एकट्याने जाणाऱ्याला चहासुद्धा मिळत नाही. त्यांनी दुपारच्या आत 'सोनशिवार संघर्ष समिती' काढली, स्वतःला अध्यक्ष नेमलं, आणि इमारतीच्या खाली फळ्यावर खडूने लिहिलं: 'सर्व बाधित शेतकऱ्यांनी संध्याकाळी गच्चीवर यावे.'

गच्चीवर खुर्च्या भरपूर मांडल्या होत्या. आला एकच माणूस. दुसऱ्या मजल्यावरचे श्रीपाद मोडक. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा सदरा, बोलणं असं की स्वल्पविराम ऐकू यावेत. जिन्यात भेटले की नमस्कार, यापलीकडे दोघांचा संबंध नव्हता.

"मोडकसाहेब, तुमी? तुमी पन खेलता?"

"थोडंफार. आमच्या लाडक्या नातवाने दिलं टाकून." मोडक किंचित लाजले. "माझी लहानशी बाग आहे. काही शेळ्या आहेत."

काळुरामांच्या हातातला माइक तसाच राहिला. "शेल्या?"

"हो. अत्यंत गरीब जनावरं. शेजारी मात्र एक विलक्षण भांडखोर मनुष्य..." मोडकांचं वाक्य तिथेच थांबलं. त्यांनी काळुरामांच्या मागे लावलेल्या फलकाकडे पाहिलं. त्यावर जागृतीने छापून दिलेलं तुऱ्याचं चित्र होतं आणि खाली 'मानकरी शेतकरी'.

काळुरामांनी माइक खुर्चीवर ठेवला.

"उकिरडा तुमी केलाव?" काळुरामांनी विचारलं.

"कुंपणावर निवडुंग आपण लावलात?" मोडकांनी विचारलं.

मग जे झालं ते खालच्या मजल्यांपर्यंत ऐकू गेलं. शालू धावत वर आली तेव्हा दोन सत्तरीचे गृहस्थ नसलेल्या बांधावरून एकमेकांवर बोटं रोखून उभे होते. "जल्ला मेला तो बांध!" ती ओरडली. "महिना संपला का बांध बी जानार आन् शेल्या बी! मग कोनाशी भांडशाल?"

हा मुद्दा दोघांनाही पटला. खुर्च्या जवळ ओढल्या गेल्या. मोडकांनी खिशातून फोन काढला. गेम घेताना सगळेजण जिच्यावर न वाचता 'मान्य' करतात ती लांबलचक अटींची यादी त्यांनी, टेलिफोन खात्याच्या सवयीने, पूर्ण वाचलेली होती.

"यात स्पष्ट म्हटलं आहे," ते म्हणाले, "की खेळणाऱ्याचा कशावरही मालकी हक्क नाही. फक्त वापरण्याची परवानगी, तीही कंपनीच्या मर्जीने."

"म्हंजे आमी कूळ?"

"कुळाहून वाईट. कुळाला निदान कायदा आहे."

काळुरामांनी असा श्वास सोडला, जसा बापाने रस्त्याच्या नोटिशीवर अंगठा उठवताना सोडला होता. मग म्हणाले, "पैसे नकोत. जमिनीला जमिन पायजे." ठराव दोन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला.

ठाण्याला घोडबंदर रोडच्या बाजूला काचेच्या इमारतीत कंपनीचं ऑफिस होतं. दिपेशची गाडी घेऊन समिती निघाली. पुढे काळुराम, मागे मोडक, छत्री आणि फलक. शालू आली कारण हे लोक उपाशी राहतील, आणि जागृती आली कारण कोणीतरी शुद्धीवर असायला हवं. फलकावर लिहिलं होतं, 'जमिनीला जमीन द्या'. गेटवरच्या वॉचमनने ते वाचलं, टॉवरच्या जागेचं जुनं प्रकरण निघालं असं समजून तो घाबरला आणि त्याने चौकशी न करता सगळ्यांना वर सोडलं.

वर काळुरामांची निराशा झाली. मोर्चा न्यायचा तर समोर मोठं काहीतरी लागतं. इथे अर्धी टेबलं रिकामी होती, वायरी लोंबत होत्या, आणि कोपऱ्यात एक मुलगी खोक्यात आपला कप, आपली कुंडी असं भरत होती. एक तिशीचा मुलगा पुढे आला. डोळ्यांखाली काळं, अंगावर सोनशिवारचा टी-शर्ट. "मी अपूर्व. कंपनी माझी आहे... होती. आपण?"

"काळुराम केणे. अध्यक्ष."

खोकं भरणारी मुलगी गर्रकन वळली. "अवनीवाले काका?"

ती अंतरा, कंपनीची चित्रकार. "काका, ही अवनी कोण, ते आधी सांगा! आम्ही दोन महिने शोधत होतो. मी तर तिचं पात्र पण काढलं होतं, लांब वेणीवालं. तिच्या आधी राग का भाजायचा, ते कोणाला कळेना."

जागृती भिंतीकडे तोंड करून हसू लागली. काळुरामांनी आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून खाचरात लावणं आणि राब म्हणजे रोपांची जागा भाजणं, हे सगळं हातवारे करून समजावलं. समजावताना मोर्चाची धार थोडी गेली. ती परत आणण्यासाठी ते गरजले, "आन् तो पाच पायांचा बैल कोनी काढला?"

"मी नाही हं," अंतरा म्हणाली. "तेव्हा मशीनकडून काढून घ्यायचं ठरलं होतं. आमच्यातले तिघे चित्रकार त्याच आठवड्यात गेले. मी शेवटची. आज माझा पण शेवटचा दिवस."

काळुरामांनी फलक भिंतीला टेकवून ठेवला. ते जमीन वाचवायला आले होते. इथे माणसंच उठवली जात होती.

सगळे मीटिंगच्या खोलीत बसले. मोडकांनी हरकती वाचून दाखवल्या, पहिली, दुसरी, दुसरीचा उपभाग. अपूर्वने सगळं ऐकलं आणि हात जोडले. "काका, खरं सांगू का? खरा हंगाम आणला ना, तिथून घसरण सुरू झाली. लोक भात पेरायचे आणि चार महिन्यांनी यायचे. रोज कोणी गेम उघडेचना, मग जाहिराती कोण बघणार? पोतं होतं, त्यातून पगार निघायचे. ते पण काढलं."

शालूने नवऱ्याकडे पाहिलं. "म्हंजे खेल यांनीच बुरवला?"

मोडक खोकले. काळुरामांचा चेहरा असा झाला, जसा चुकून स्वतःच्याच खाचराचा बांध फोडलेल्या माणसाचा होतो.

"नाही हो काकू," अपूर्व घाईने म्हणाला. "तो माझाच निर्णय होता. आणि मला आवडला होता. पण पैसे घालणाऱ्यांना आता शेती नकोच आहे. त्यांना सगळ्यांसारखा मारामारीचा गेम हवाय. शंभर माणसं विमानातून उडी मारतात, एकमेकांना मारतात, शेवटी एक उरतो."

काळुरामांनी मान वर केली. "तो एक उरला, तो मग भात कोनाला विकनार?"

अपूर्वकडे सर्व्हर चालू ठेवण्यापुरतेही पैसे नव्हते. तेव्हा अंतरा हळूच म्हणाली, "चाचणीसाठी एक कॉपी केली होती ना आपण? इंटरनेटशिवाय चालणारी. ती द्यायची. ज्याची शेती त्याच्या फोनमध्ये. सर्व्हर लागतच नाही."

"विचारावं लागेल," अपूर्व म्हणाला. "माझ्या एकट्याच्या हातात नाही."

"विचारा," काळुराम म्हणाले. "आमी बसतो."

बसणं ही काळुरामांची हयातभराची कमाई होती. तहसील कचेरीत ते बसले होते, महापालिकेत बसले होते. इथली खुर्ची तर फिरायची. अपूर्व फोन घेऊन बाहेर गेला, परत आला, पुन्हा गेला. जेवणाची वेळ झाली तशी शालूने पिशवी उघडली. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, वांगं-जवळा, कांदा. डब्यांची झाकणं उघडली आणि एसीने आपलं काम केलं. एकेक करून उरलेली पोरं दारात आली. मग शेजारच्या विमा कंपनीतली दोन आली, "कोणाचं काही आहे का?" असं विचारत. शालूने सगळ्यांना बसवलं. मोडक शुद्ध शाकाहारी. त्यांना वेगळ्या डब्यात वालाचं बिरडं आणलेलं होतं, हे पाहून त्यांना भरून आलं आणि त्यांनी तिथल्या तिथे कुंपणाजवळचा उकिरडा मागे घेत असल्याचं जाहीर केलं.

अपूर्व तिसऱ्यांदा परत आला तेव्हा त्याच्याही हातात भाकरी देण्यात आली. तो सकाळपासून उपाशी होता. दोन घास खाल्ले, तिसऱ्याला त्याने फोन लावला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "सर, नुसतं कळवायला फोन केलाय. मी देतोय ती कॉपी. सगळ्यांना." पलीकडून काहीतरी मोठ्याने आलं. "हो सर, मीटिंगमध्येच आहे. भागधारकांबरोबर." आणि फोन ठेवून त्याने जवळा मागून घेतला. खाल्ल्या मिठाला पोरगा जागला, असं शालू परतीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा म्हणत होती.

महिनाअखेरीस सोनशिवार बंद झालं आणि ज्यांना हवी होती त्यांना आपापली शेती मिळाली. पहिला आठवडा काळुरामांचा फार सुखात गेला. शेळ्या नाहीत, उकिरडा नाही, हजेरी नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कुंपण काढून टाकलं, कारण त्याच्या पलीकडे नुसतं पांढरं होतं. तिसऱ्या आठवड्यात ते फोन घेऊन दुसऱ्या मजल्यावर उतरले. तेव्हापासून दोघे रोज संध्याकाळी मोडकांच्या बाल्कनीत शेजारी शेजारी बसून आपापली शेती करतात. अधूनमधून मोडक म्हणतात, "माझ्या शेळ्या आता आपल्याकडे शिरल्या असत्या," आणि काळुराम म्हणतात, "शिरू तं दे, तंगडी मोडीन." तेवढ्याने दोघांना बरं वाटतं. अंतराला पुण्याच्या कंपनीत काम मिळालं. तिने फोन करून सांगितलं की तिथे ती बैलच काढते, चार पायांचे.

अपूर्वचा मारामारीचा गेम तयार व्हायला आला तेव्हा त्याने काळुरामांना मुद्दाम ठाण्याला बोलावलं. "काका, बाजारात आणण्याआधी तुमचं मत हवंय. पण या वेळी आधीच सांगतो, ऐकेनच असं नाही." शालूही गेली, तिला त्या पोरांना बोंबिलाचं लोणचं द्यायचं होतं.

दोघांना शेजारी शेजारी बसवून हातात फोन दिले. काळुरामांनी विमानातून उडी मारली, खाली उतरले, आणि बंदूक न घेता जमीन बघत फिरू लागले. "माती बरी हाय. पान्याचा उतार पन बरोबर." एक बांध दिसला तसे ते त्याच्या मागे बसले आणि मतं सांगू लागले: शंभर माणसं म्हणजे फार होतात, उडी मारायच्या आधी नारळ फोडायला हवा, मेलेल्या माणसाचं सामान घेणं बरं दिसत नाही. अपूर्व मान डोलावत होता, पण त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. ऑफिसातली पोरं एकेक करून "गेलो!" म्हणत खुर्ची मागे सरकवत होती आणि सगळी येऊन शालूच्या मागे उभी राहत होती.

शालूने पदर खोचला होता. जन्मभर खाचरातल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बिळातून नेमके ओढणारा तिचा अंगठा काचेवर असा फिरत होता की बघत राहावं. अपूर्वचा खेळातला माणूस झाडामागून डोकावला आणि आडवा झाला.

"काकू!" तो किंचाळला.

"अजून कोन ऱ्हायलाय?" नजर न हलवता शालूने विचारलं.

बांधामागून काळुराम हळूच म्हणाले, "मी हाय गो. तुजा नवरा."

शालूने नेम धरला.